वाय-फायचे नाव ओळखीचे, पण दार कोणाचे?

किराडपुरा असो की बुढी लेन, रोशन गेट असो की सिडको. छत्रपती संभाजीनगरातल्या, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादेतल्या कोणत्याही गल्लीत उभे राहून मोबाईलमधील वाय-फायची यादी उघडली, तर दहा-पंधरा नावे सहज दिसतात. कुणी मुलाचे नाव दिलेले असते, कुणी दुकानाचे. कुणी केबलवाल्याने ठेवलेलेच नाव पुढे चालवत असतो. बहुतेक नावांपुढे छोटेसे कुलूप दिसते. एखाद्या नावापुढे ते नसते आणि मुलांची नजर नेमकी त्याच नावावर जाते. "अम्मी, इथं फुकट नेट आहे!"

कुलूप नसलेले ते नाव कोणाचे आहे, हा प्रश्न आपल्यापैकी किती जण विचारतात? आणि आपल्या घरच्या नावापुढे कुलूप असले, तरी त्याची किल्ली आज किती जणांच्या खिशात आहे, हे किती जणांना सांगता येईल? हे दोन प्रश्न साधे वाटतात. पण आपल्याच महाराष्ट्रात या प्रश्नांची उत्तरे न शोधल्यामुळे एका घरावर काय वेळ आली होती, ते आधी पाहू.

सानपाड्याचा फ्लॅट

२६ जुलै २००८. शनिवारची संध्याकाळ. अहमदाबादेत एकामागोमाग एक बॉम्बस्फोट झाले आणि ५६ जणांचा बळी गेला. स्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ई-मेल पोहोचला होता. तपास यंत्रणांनी तो कोठून आला याचा माग काढला. इंटरनेटवरच्या प्रत्येक जोडणीला एक क्रमांक असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो क्रमांक कोणत्या ग्राहकाला दिला होता, हे इंटरनेट कंपनीच्या नोंदीवरून कळते. नोंद निघाली नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका फ्लॅटची. तिथे एक अमेरिकन नागरिक आपल्या कुटुंबासह राहत होता.

दहशतवादविरोधी पथक त्याच्या दारात पोहोचले. संगणक तपासणीसाठी नेले गेले, अनेक दिवस चौकशी चालली, त्याचे नाव देशभरातील वर्तमानपत्रांत छापून आले. शेवटी उलगडा झाला तो असा, की त्याच्या घरातील वाय-फाय नीट बंदिस्त नव्हते. इमारतीच्या आसपास लॅपटॉप घेऊन बसलेल्या कुणालाही ते वापरता येत होते. ई-मेल पाठवणारा घरात शिरला नव्हता. त्याने फक्त उघडे दार शोधले होते.

हा प्रकार एकदाच घडला असता तर योगायोग म्हणता आले असते. पण २३ ऑगस्ट २००८ रोजी दुसरा ई-मेल आला, त्याचा माग माटुंग्याच्या खालसा कॉलेजपर्यंत गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा ई-मेल चेंबूरमधील एका खासगी कंपनीच्या वाय-फायवरून गेल्याचे निघाले. म्हणजे एक घर, एक महाविद्यालय आणि एक कार्यालय. तिघांचाही गुन्ह्याशी संबंध नव्हता. तिघांचेही वाय-फाय मात्र गुन्ह्यासाठी वापरले गेले.

त्यानंतर सरकार हलले. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यांवर फिरून उघडी वाय-फाय नेटवर्क शोधण्याची मोहीम जाहीर केली. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत सूचना दिल्या. आज घरोघर येणाऱ्या राउटरवर सुरुवातीपासूनच पासवर्ड असतो, तो या सगळ्या अनुभवानंतर रुळलेला रिवाज आहे.

सानपाड्याच्या त्या गृहस्थावरचा संशय दूर झाला. पण वाचकांनी क्षणभर विचार करावा: तोच पत्ता आपल्या मोहल्ल्यातला असता तर? २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोटात पकडलेल्या तरुणांना आरोपमुक्त व्हायला २०१६ साल उजाडले. त्या प्रकरणाचा वाय-फायशी संबंध नव्हता. पण संशयाच्या एका नोंदीची किंमत किती वर्षांची असू शकते, हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणूनच ही गोष्ट संगणकवाल्यांवर सोडून चालणार नाही.

पाटी कुणीही लावू शकतो

वाय-फायचा राउटर सतत आपले नाव हवेत पुकारत असतो, साधारणपणे सेकंदाला दहा वेळा. आपला मोबाईल ती हाक ऐकतो आणि यादीत नाव दाखवतो. अडचण अशी की हे नाव म्हणजे केवळ दारावरची पाटी आहे. ती नोंदवावी लागत नाही, तिची मालकी कुणाकडे नसते. उद्या मी माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला आणि त्याला रेल्वे स्टेशनच्या वाय-फायचे नाव दिले, तर तुमच्या मोबाईलला दोन्ही नावे सारखीच दिसतील. बनावट नाव लावून बसलेल्या अशा नेटवर्कला या क्षेत्रात 'दुष्ट जुळा' म्हणतात. दिसायला भावासारखा, वागायला वैऱ्यासारखा.

दुसरी अडचण मोबाईलच्या सवयीची आहे. एकदा जोडलेले नेटवर्क तो लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तेच नाव दिसले की न विचारता जोडला जातो. कुलूप नसलेल्या नेटवर्कच्या बाबतीत ही सवय जास्त घातक आहे, कारण तिथे खरे-खोटे ओळखण्यासाठी पासवर्डसुद्धा नसतो. त्यात एकाच नावाची दोन नेटवर्क असली, तर मोबाईल सहसा जास्त जोरात येणाऱ्या लहरींकडे वळतो. खरे यंत्र छताला पन्नास फुटांवर आणि खोटे यंत्र शेजारच्या बाकावरील पिशवीत, तर जिंकणार कोण, हे सांगायला नको.

आणखी एक युक्ती आहे. जोडलेल्या मोबाईलला 'आता तुझी जोडणी तोडली' असा खोटा संदेश पाठवता येतो. जुन्या पद्धतीच्या वाय-फायमध्ये असा संदेश खरोखर राउटरकडून आला की नाही, हे तपासण्याची सोयच नव्हती. मोबाईल बिचारा जोडणी तोडतो आणि पुन्हा जोडायला धावतो. या धावपळीत तो खोट्या दारात शिरू शकतो. २०१८ पासून आलेल्या 'डब्ल्यूपीए-३' या पद्धतीत ही पळवाट बुजवली आहे. पण आपल्या घरांतील बरेच राउटर अजून 'डब्ल्यूपीए-२' वर चालतात.

पुण्यातील दोन शोध

या विषयावर जगाला जाग आणणारे काम आपल्या शेजारी, पुण्यात झालेले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. 'एअरटाइट नेटवर्क्स' ही कंपनी अनधिकृत वाय-फाय शोधून काढणारी यंत्रणा बनवत असे आणि तिचे संशोधन केंद्र पुण्यात होते. पुढे तिचे नाव 'मोजो नेटवर्क्स' झाले आणि २०१८ मध्ये 'अरिस्टा' या अमेरिकन कंपनीने ती विकत घेतली.

२००७ मध्ये विवेक रामचंद्रन आणि मोहम्मद सोहेल अहमद या तेथील दोन संशोधकांनी अमेरिकेतील एका परिषदेत एक प्रयोग मांडला. त्याला त्यांनी 'कॅफे लाटे' असे कॉफीचे नाव दिले होते. तोवर समज असा होता की एखाद्या कार्यालयाच्या वाय-फायची किल्ली चोरायची तर चोराला त्या कार्यालयाजवळ यावे लागेल. या दोघांनी दाखवून दिले की तशी गरज नाही. कर्मचारी आपला लॅपटॉप घेऊन कॉफीच्या दुकानात बसला आहे, लॅपटॉप सवयीने कार्यालयाच्या नेटवर्कला हाका मारतो आहे. अशा वेळी शेजारच्या टेबलावरून त्याच नावाचे खोटे नेटवर्क उभे केले, तर त्या काळातील 'डब्ल्यूईपी' पद्धतीची किल्ली एकट्या लॅपटॉपकडूनच काढून घेता येते. कार्यालय शेकडो मैल दूर असले तरी.

तीन वर्षांनी, २०१० मध्ये, सोहेल अहमद यांनी लास वेगासच्या 'डेफकॉन' परिषदेत 'डब्ल्यूपीए-२' मधील एक उणीव दाखवली. तिला 'होल १९६' असे नाव पडले, कारण तिचे मूळ वाय-फायच्या नियमावलीच्या १९६ व्या पानावर होते. त्याचा सारांश घरगुती भाषेत असा: ज्याच्याकडे आधीच पासवर्ड आहे, असा आतला माणूस त्याच नेटवर्कवरील इतरांच्या वाहतुकीत हात घालू शकतो. कुलूप बाहेरच्याला अडवते. ज्याला आपणच किल्ली दिली, त्याच्यापासून ते वाचवत नाही.

दोन्ही शोधांचा धडा एकच आहे. नाव ओळखीचे आहे म्हणून दार ओळखीचे ठरत नाही, आणि आत आलेला प्रत्येक जण घरातला ठरत नाही.

खोट्या नेटवर्कवर नेमके काय चोरीला जाते?

इथे विनाकारण भीती पसरवणे बरोबर नाही. केवळ एखाद्या अनोळखी वाय-फायला मोबाईल जोडला म्हणून बँकेतील पैसे आपोआप उडत नाहीत. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप, व्हॉट्सअ‍ॅप, ई-मेल यांची वाहतूक आज बंद पाकिटात जाते. मधल्या माणसाला पाकीट दिसते, आतले पत्र वाचता येत नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वी तसे नव्हते, त्यामुळे जुने इशारे आजही ऐकू येतात.

मग चोर काय करतो? तो पाकीट फोडत बसत नाही, तो आपल्याकडूनच पत्र लिहून घेतो. सार्वजनिक वाय-फायला जोडल्यावर एक पान उघडते आणि नोंदणी करायला सांगते, हे आपल्या सवयीचे झाले आहे. खोट्या नेटवर्कचे पानही तसेच दिसते. ते म्हणते, 'मोफत इंटरनेटसाठी जीमेलने लॉगिन करा'. आपण ई-मेल आणि पासवर्ड टाकतो. नेट सुरू होते, किंवा होत नाही. आपण विसरून जातो. पण ई-मेलची किल्ली गेलेली असते, आणि आज ई-मेल ज्याच्या हातात, त्याच्या हातात फोटो, कागदपत्रे, सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?' हे दार.

ऑस्ट्रेलियात अगदी हेच घडले. एप्रिल २०२४ मध्ये एका देशांतर्गत विमानात कर्मचाऱ्यांना संशयास्पद वाय-फाय दिसले. तपासात एका प्रवाशाकडे लहानसे यंत्र सापडले. विमानतळांवर आणि विमानांत खऱ्या नावाचे खोटे वाय-फाय उभे करून तो लोकांकडून ई-मेल आणि समाजमाध्यमांचे पासवर्ड मिळवत होता आणि त्यातून महिलांचे खासगी फोटो चोरत होता. पुढे त्याला सात वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा झाली. त्याने एकाही बँकेचे कुलूप फोडले नव्हते. त्याने लोकांच्या घरातील परदा ओढला होता.

खरे सार्वजनिक वाय-फाय किती माहिती मागते, हे लक्षात ठेवले तर खोटे ओळखणे सोपे जाते. रेल्वेचे उदाहरण घ्या. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेली रेलटेलची सेवा आज ६,१०० हून अधिक स्थानकांवर आहे. 'रेलवायर' नावाच्या या सेवेच्या मोफत वापरासाठी मोबाईल क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी पुरतो. तेव्हा स्टेशनवरचे एखादे पान जीमेलचा पासवर्ड, आधार क्रमांक, बँकेचे कार्ड किंवा यूपीआय पिन मागत असेल, किंवा 'आधी हे अ‍ॅप उतरवून घ्या' म्हणत असेल, तर मागे फिरावे. तसेच ब्राउझरने 'ही जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा दिला तर 'तरीही पुढे जा' हे बटण दाबू नये. तो इशारा म्हणजे पाकिटावरची मोहर तुटल्याची खूण आहे.

हजचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, मुलांच्या प्रवेशफेऱ्या, बँकेची कामे. ही सगळी स्वतःच्या मोबाईल डेटावर किंवा घरच्या नेटवरच करावीत. फुकटच्या वाय-फायवर बातम्या वाचाव्यात, गाडीची वेळ पाहावी, बस्स.

आपल्या घरचे दार

केबलवाला येतो, राउटर भिंतीला लावतो, पासवर्ड म्हणून घरमालकाचा मोबाईल क्रमांक टाकतो आणि निघून जातो. हा क्रमांक दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर, गाडीच्या काचेवर लिहिलेला असतो. बरे, कुणाला माहीत नसला तरी काय? भारतातले मोबाईल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे शक्य असलेले एकूण क्रमांक ४०० कोटी. घरातला मोबाईल वाय-फायला जोडला जाताना दोघांत जी देवाणघेवाण होते, ती बाहेरून टिपून नेता येते. मग निवांत घरी बसून त्यावर एकेक क्रमांक लावून पाहता येतो. आजचे चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख किंवा त्याहून अधिक पासवर्ड पडताळते. हिशेब करा: सगळे ४०० कोटी क्रमांक तपासायला दीड ताससुद्धा लागत नाही. जन्मतारखेला तर काही क्षणच पुरतात.

याउलट, एकमेकांशी काही संबंध नसलेले चार-पाच शब्द आणि मध्ये दोन-तीन अंक असा लांबलचक पासवर्ड अशा यंत्रालाही झेपत नाही. लक्षात ठेवायलाही तो सोपा असतो. तेव्हा पहिले काम हेच.

दुसरे काम, राउटरचा स्वतःचा पासवर्ड. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरची मांडणी बदलण्याचा पासवर्ड वेगळा. राउटरच्या पोटाखाली चिकटवलेल्या पट्टीवर तो छापलेला असतो आणि बऱ्याच घरांत 'अ‍ॅडमिन' हाच शब्द दोन्हीकडे असतो. तो बदलला नाही, तर घरात एकदा आलेला पाहुणाही आपले दार कोणत्या रस्त्यावर उघडते, हे बदलू शकतो. आपण बँकेचा पत्ता टाकू आणि पोहोचू भलतीकडे. केबलवाल्याला बोलवा, समोर बसवा आणि हे बदलून घ्या. त्याच बैठकीत 'डब्ल्यूपीएस' नावाचे बटण-जोडणी बंद करायला सांगा. त्यातील आठ अंकी पिनची कमजोरी २०११ मध्येच उघड झाली आहे. सुरक्षा 'डब्ल्यूपीए-३' वर, ते नसेल तर 'डब्ल्यूपीए-२' वर ठेवा.

तिसरे काम नाजूक आहे, कारण त्यात शेजारधर्म येतो. आपल्या वस्त्यांत भिंतीला भिंत लागून आहे. वरच्या मजल्यावरच्या मुलीची परीक्षा आहे, समोरच्या खालांचा मुलगा दुबईहून व्हिडिओ कॉल करतो. अशा वेळी पासवर्ड नाकारणे जड जाते आणि नाकारूही नये. पण दिलेला पासवर्ड एका ठिकाणी थांबत नाही. आजकाल मोबाईलवर चौकोनी कोड दाखवला की पासवर्ड पुढच्याला मिळतो. एका महिन्यात तो गल्लीच्या नाक्यावर पोहोचतो. आणि बाहेरच्या जगाला मात्र ते सगळे आपणच दिसतो, कारण एका राउटरमागची सगळी यंत्रे एकाच पत्त्याने बाहेर जातात. नोंद निघते ती ज्याच्या नावाने जोडणी आहे त्याची: अब्बांची, किंवा घरातल्या बाईची. २८ एप्रिल २०२२ च्या 'सर्ट-इन' या सरकारी संस्थेच्या आदेशानुसार सेवा देणाऱ्यांना आपल्या यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात.

यावर उपाय आहे आणि तो आपल्या जुन्या घरांच्या रचनेतच आहे. पूर्वी बाहेरची बैठक वेगळी असे आणि जनाना वेगळा. पाहुण्याचे स्वागत बैठकीत होई, आतल्या दालनाला परदा असे. राउटरमध्येही 'गेस्ट नेटवर्क' नावाची अशीच बैठक असते. शेजाऱ्यांना आणि पाहुण्यांना त्याचा पासवर्ड द्या. त्यांना इंटरनेट मिळते, पण आपल्या घरातील संगणक, टीव्ही आणि मुख्य म्हणजे कॅमेरे त्यांना दिसत नाहीत. दाराशी किंवा ओसरीत स्वस्तातला कॅमेरा लावणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. कॅमेऱ्याचा कारखान्यातला पासवर्ड तसाच असेल, तर त्याच वाय-फायवर आलेला कुणीही घरातील स्त्रियांना पाहू शकतो. मात्र गेस्ट नेटवर्कवरून झालेला वापरही बाहेरच्या नोंदीत आपल्याच नावावर जातो. म्हणून ज्याला ओळखतो त्यालाच द्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी, निदान दर ईदला, पासवर्ड बदला. घर रंगवतो, चादरी बदलतो, तसेच हे.

एक खूण घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. आपल्या घरच्या वाय-फायचे नाव अचानक दोनदा दिसू लागले, त्यातल्या एकापुढे कुलूप नसले, आणि जोडल्यावर 'राउटर अपडेट करण्यासाठी वाय-फायचा पासवर्ड टाका' असे पान उघडले, तर ते पान आपल्या राउटरचे नाही. कुणीतरी किल्ली मागतो आहे.

मुलांशीही मोकळेपणाने बोलावे. 'शेजाऱ्याचे वाय-फाय हॅक करा' असे सांगणारी अ‍ॅप आणि व्हिडिओ पोरांना गंमत वाटतात. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ खाली गुन्हा ठरू शकतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, सूरह अन-नूरने दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय पाऊल ठेवायला मनाई केली आहे. भिंतीतून जाणाऱ्या लहरींनाही तीच मर्यादा लागू आहे, हे मुलांना पटवणे अवघड नाही.

शाळा, मदरसा आणि पतसंस्था

संस्थांमध्ये धोका बहुधा बाहेरून येत नाही, तो भल्या हेतूने आतून येतो. वरच्या मजल्यावरील वर्गात नेट पोहोचत नाही म्हणून एखादे शिक्षक बाजारातून हजार-बाराशेचा राउटर आणतात आणि भिंतीतील नेटच्या खोबणीत लावून टाकतात. कुणाला विचारलेले नसते, पासवर्ड असतो किंवा नसतो. आता ज्या कार्यालयाच्या संगणकावर विद्यार्थ्यांची आधार माहिती, शिष्यवृत्तीचे बँक खाते क्रमांक, देणगीदारांच्या याद्या आहेत, त्या जाळ्याला रस्त्याच्या बाजूने एक खिडकी उघडली. मुख्य दारावर पहारेकरी बसवून काय उपयोग? असा न विचारता लावलेला राउटर म्हणजेच या विषयातला मूळ 'अनधिकृत अ‍ॅक्सेस पॉइंट'. चुकीच्या खोबणीत लावला तर तो इतर संगणकांना चुकीचे पत्ते वाटतो आणि सगळ्या संस्थेचे नेट बंद पडते, ते वेगळेच.

मोठ्या कंपन्या यासाठी खास यंत्रणा बसवतात. छोट्या संस्थेला तीन गोष्टी पुरतात. पहिली, एक वही: संस्थेत किती राउटर आहेत, कोठे आहेत, प्रत्येकाचा यंत्र-क्रमांक काय. दुसरी, महिन्यातून एकदा जबाबदार माणसाने मोबाईलवर वाय-फाय तपासणारे अ‍ॅप घेऊन इमारतीत फेरी मारायची आणि वहीत नसलेला, पण इमारतीत जोरात दिसणारा क्रमांक कोणाचा, हे शोधायचे. तिसरी, वापरात नसलेल्या खोबण्या बंद करून ठेवायच्या. आणि शिक्षकांना नेट हवे असेल तर ते मागायची सोय ठेवायची. मागितल्यावर मिळत असेल, तर चोरून कुणी लावत नाही.

चूक झालीच तर

खोट्या पानावर पासवर्ड टाकला गेल्याची शंका आली, तर लाज बाळगून गप्प बसू नये. घरातील मुलीकडून किंवा वृद्धांकडून असे झाले असेल तर रागावण्याआधी हात चालवावा. वाय-फाय बंद करा, मोबाईल डेटा सुरू करा, ई-मेलचा पासवर्ड बदला, इतर सर्व यंत्रांवरून त्या खात्यातून बाहेर पडा आणि दुहेरी पडताळणी सुरू करा. ते नेटवर्क मोबाईलच्या स्मरणातून काढून टाका. पैसे गेले असतील तर तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावरही करता येते. फोटोंवरून कुणी धमकावत असेल तर पैसे देऊ नयेत, पुरावा पुसू नये आणि सरळ तक्रार करावी. घरच्या वाय-फायचा कुणी गैरवापर केल्याचे लक्षात आले, तर आपणहून लेखी तक्रार देऊन त्याची पोच जपून ठेवावी. उद्या प्रश्न विचारले गेलेच, तर तो कागद आपल्या बाजूने बोलेल.

आधी तहकीक

सूरह अल-हुजुरातमध्ये श्रद्धावंतांना एक शिकवण आहे. बेभरवशाच्या माणसाने बातमी आणली तर आधी तिची तहकीक करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. बातमीला लागू पडणारा हा नियम वाय-फायच्या नावालाही तंतोतंत लागू पडतो. पाटीवर काय लिहिले आहे, यावर विसंबू नका. दुकानदाराला विचारा, "भाई, तुमच्या वाय-फायचे नाव काय?" हा एक प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात.

आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू पाहणाऱ्याला आधी उंट बांधायला सांगितले होते, ही गोष्ट आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. सानपाड्याच्या त्या घरातला उंट मोकळा होता. आपला बांधलेला आहे का? आज मगरिबनंतर घरातील सर्वांनी एकत्र बसून राउटरला जोडलेल्या यंत्रांची यादी उघडावी. त्यात किती नावे ओळखीची निघतात, ते मोजावे. जे नाव ओळखता येत नाही, तिथूनच कामाला सुरुवात करावी.